मदत हवी आहे: लॅटिनो विद्यार्थ्यांची गळती थांबवण्यासाठी स्थानिक संस्थांना कसं जोडून घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात समुपदेशक आहे. आमची बरीच मुलं लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. हुशारी भरपूर, तरी दुसऱ्या सत्रात वर्ग रिकामे होऊ लागतात. कारण बहुतेकदा अभ्यास नसतोच. कामाची पाळी बदलते, धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी नसतं, नाहीतर आर्थिक मदतीचा अर्ज कुठेतरी अडकतो.

१९८१ साली हेवर्डच्या शाबो कॉलेजात सुरू झालेला 'पुएन्ते' उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. इंग्रजी लेखनाचा वर्ग, समुपदेशन आणि समाजातल्याच नोकरी-व्यवसाय करणाऱ्या माणसांची साथ, असं तिन्ही एकत्र. आम्हालाही चर्च, वाचनालय, आसपासचे उद्योग यांना सोबत घ्यायचंय.

तुमच्यापैकी कुणी अशा कामात मार्गदर्शक होतं का? मार्गदर्शक वर्षभर टिकावेत म्हणून काय केलंत? पालकांना आम्ही संध्याकाळी बोलावतो, पण तेव्हा ते कामावर असतात. रविवारी चर्चमध्येच स्पॅनिशमधून बैठक घ्यावी का? आणि विद्यार्थ्याची माहिती बाहेरच्या संस्थेला देण्यासाठी त्याची लेखी संमती कधी घेता, प्रवेशाच्या वेळीच की नंतर? ऑगस्टच्या सत्राआधी सुरुवात करायची आहे. अनुभव छोटा असला तरी नक्की लिहा.