‘तोरादोरा!’चा पहिला भाग: तुम्ही कुठे अडकलात?

२००८च्या ऑक्टोबरमध्ये जपानी टीव्हीवर सुरू झालेली ही २५ भागांची अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका. र्‍यूजीची नजर अशी जरबेची की वर्गातली मुलं त्याला गुंडच समजतात. ताइगा चणीने एवढीशी, पण तिच्या वाटेला जायची कुणाची टाप नाही. वर्गातल्या कितामुरासाठीचं प्रेमपत्र ती चुकून र्‍यूजीच्या दप्तरात टाकते आणि रात्री लाकडी तलवार घेऊन त्याच्या घरात घुसते. तिथेच भुकेने कोसळते. आणि हा तिला फ्राइड राइस करून घालतो! मी तिथेच अडकले. तुमचा प्रसंग कोणता? सविस्तर लिहा.

*

आईला रात्रपाळी असली की कुकर मी लावायचो. मुलगा असून स्वयंपाक करतो, हे शाळेत सांगायची चोरी. र्‍यूजीची आईही रात्री कामावर जाते. घर सगळं तो बघतो, बुरशी दिसली की हातातलं टाकून घासायला बसतो. मालिका त्याबद्दल त्याची बाजू मांडत बसत नाही, ते मला फार भावलं. मी तो भाग आईबरोबर पुन्हा पाहिला.

*

रिकामं पाकीट! एवढा जीव टाकून परत मागायला आली, आणि पत्र आत घालायचंच राहिलेलं. दोन मुलांची आई आहे मी, तरी भरून आलं.

*

ताइगाची मारझोड मला खटकते. मुलाने असा हात उगारला असता तर आपण हसलो असतो का? बहिणीबरोबर बघताना मी मध्येच थांबवून हे बोललो. पण तिचं घर बघा. शेजारच्या ज्या आलिशान इमारतीने र्‍यूजीकडचं ऊन अडवलंय, तिथेच ती एकटी राहते, आणि पोटात अन्न नाही. रिए कुगिमिया यांनी तिला दिलेला आवाज ऐकताना राग आणि भीती वेगळी काढता येत नाही.

*

माझ्यासाठी रिकाम्या पाकिटानंतरचा प्रसंग. ताइगाची लाज जावी म्हणून र्‍यूजी आपलंच गुपित उघडं करतो: ताइगाची मैत्रीण मिनोरी हिच्यावरच्या प्रेमापायी जमवलेलं सगळं, कधीच न दिलेल्या पत्रांसकट. ‘जाऊ दे, होतं असं’ म्हणून त्याला मोकळं होता आलं असतं. ज्यांनी आरडाओरड्याला कंटाळून मालिका सोडली, त्यांनी एकोणिसाव्या, नाताळच्या भागापर्यंत तरी जाच.