शाराकूचे नट वेगवेगळे, मग उतामारोच्या स्त्रिया एकसारख्या का?

प्रश्न : रेषा_धरमपेठ
धरमपेठेतील माझ्या चित्रकलेच्या वर्गात सध्या जपानी काष्ठठशांची चित्रे शिकवत आहे. १७९४ मध्ये शाराकू या चित्रकाराने काढलेल्या काबुकी या जपानी नाट्यप्रकारातील नटांचे नाक, जबडा, भुवया प्रत्येकी निराळ्या आहेत. परंतु त्याच काळातील, आणि त्याच त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकाने छापलेल्या, उतामारो या चित्रकाराच्या चित्रांतील सुंदर स्त्रियांचे चेहरे जवळजवळ सारखेच दिसतात. हा फरक कौशल्याचा आहे की हेतूचा?

उत्तर : ठसेकाम
हेतूचा, असे माझे ठाम मत आहे. नटाचे चित्र घेणाऱ्याला आपला आवडता नट ओळखू यायला हवा असे, तर स्त्रीच्या चित्रात सौंदर्याचा रूढ साचा अपेक्षित असे. तरीही १७९३ च्या सुमारास उतामारोने काढलेले तीन सुंदरींचे चित्र मोठे करून पाहावे. ओकिता, ओहिसा आणि तोयोहिना यांच्या नाकाचा बाक व डोळ्यांची ठेवण किंचित बदलते, आणि उरलेली ओळख त्यांच्या वस्त्रांवरील व केसांतील चिन्हे पटवतात. हा फरक एकदा दिसला की सारखेपणाची तक्रार राहत नाही.

उत्तर : महाल_वाचक
यात स्त्री भूमिका करणाऱ्या नटांचाही विचार व्हावा. १६२९ मध्ये स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी झाल्यानंतर त्यांच्या भूमिका पुरुषच करू लागले. बालगंधर्वांची परंपरा जाणणाऱ्या आपल्या वाचकांना हे परके वाटू नये. मात्र शाराकूने अशा नटांचा पुरुषी जबडा लपवला नाही. सौंदर्याच्या साच्याला त्याने दिलेला हा नकार मला त्याच्या साऱ्या कामातील सर्वांत धीट गोष्ट वाटते. सुमारे दहा महिन्यांत १४० हून अधिक चित्रे देऊन तो दिसेनासा झाला.

उत्तर : ठसेकाम
चित्रकाराइतकेच श्रेय कोरणाऱ्याला आणि छापणाऱ्यालाही द्यायला हवे, कारण चित्रकार केवळ आराखडा देई. कपाळाजवळचे केसागणिक केस चेरीच्या लाकडात उठवणे सर्वांत कसलेल्या हातांचे काम होते. विद्यार्थ्यांकडून छपाई करून घेणार असाल तर ती पावसाळ्यात घ्यावी. कागद ओलसर ठेवावा लागतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तो वाळून आक्रसल्याने पुढच्या रंगाचा ठसा जागेवर बसत नाही.