छोट्या देशांची सामाजिक-आर्थिक सुरक्षितता मोजायची कशी?

रानजाई:
नमस्कार मंडळी, भाची टीवायला आहे, इकॉनॉमिक्स. प्रोजेक्टला मालदीव, मॉरिशस, नाउरू असले छोटे देश घेतलेत आणि त्यातला कोण किती सुरक्षित ते ठरवायचंय. तिचं म्हणणं दरडोई उत्पन्न एक्सेलमध्ये टाकायचं, वरून खाली लावायचं, झालं काम. मला ते पटत नाहीये पण काय चुकतंय ते धड सांगताही येईना. अजून काय बघायचं? सोप्पं सांगा, सबमिशन सोमवारी आहे :(

हिशोबनीस:
नाउरूच बघायला सांगा तिला, पॅसिफिकमधलं एवढंसं बेट. २१ चौरस किमी, दहाबारा हजार माणसं. १९६८ ला स्वतंत्र झाला आणि फॉस्फेट (खतासाठी लागणारं खनिज) विकून सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगातल्या पहिल्या काही देशांत होता, म्हणजे भाचीच्या एक्सेलमध्ये तेव्हा सगळ्यात वर. स्वतःची विमानं काय, परदेशात बिल्डिंगा काय, १९९३ ला लंडनच्या एका संगीत नाटकात पण पैसा घातला, ते काही आठवड्यांत आपटलं. पुढे फॉस्फेट संपत आलं तोवर त्या कमाईतून ट्रस्टमध्ये साठवलेली गंगाजळीही आटलेली, आणि मधलं पठार खणून खणून नुसते दगडी सुळके उरलेले, तिथे ना शेती ना घर. आता मासेमारीचे परवाने आणि ऑस्ट्रेलियाकडे निघालेले निर्वासित ठेवून घ्यायचे पैसे, यावर चाललंय. त्यामुळे पैसा किती यापेक्षा किती वाटांनी येतो ते आधी बघा.

दर्यावर्दी:
मी मूळचा मालवणचा, डिसेंबर २०१४ ला मालदीवच्या राजधानीत, मालेत, एका गेस्टहाउसच्या किचनला होतो. तिथे नदी नाही, समुद्राचं पाणी गोड करून नळाला येतं. ४ तारखेला त्या प्लांटला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे! आम्ही भांडी घासणं बंद करून कागदी प्लेटी काढल्या, शेठ तांदूळ धुवायला पाणी ग्लासाने मोजून द्यायचा. दुसऱ्या दिवशी भारतातून विमानाने पाणी आलं, मग नौदलाचं जहाज. पैसे होते हो लोकांच्या खिशात, पाणी नव्हतं. आणि रिसॉर्टांची बेटं वेगळी, त्यांचे प्लांट स्वतःचे, तिकडे सगळं नॉर्मल. ते तुमच्या सरासरीत कुठे दिसणार?

हिशोबनीस:
+१. मालदीवचंच अजून एक, २० डिसेंबर २००४ ला युनोने ठरवलं की हा देश आता अतिगरीब देशांच्या यादीतून बाहेर काढायचा, आणि सहाव्या दिवशी त्सुनामी. बाहेर पडायला २०११ उजाडलं.

सातासमुद्रा:
सगळं रडगाणंच नको, मॉरिशस घ्या की. १९६१ च्या सुमारास जेम्स मीड हा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ (नोबेल मिळालं ते नंतर) म्हणाला होता की या बेटाचं काही खरं नाही, नुसता ऊस, वर चक्रीवादळं, लोकसंख्या वाढतेय. त्यांनी कापडाचे कारखाने आणले, टुरिझम आणलं, फायनान्स आणलं. आणि म्हातारपणाची पेन्शन १९५८ पासून सगळ्यांना, श्रीमंत-गरीब न बघता. माझी एक मैत्रीण तिकडची मराठी आहे, खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर गेलेले. तिची आजी पेन्शन घेते आणि बसने फुकट फिरते, म्हाताऱ्यांना २००५ पासून बस फुकट आहे. माझं वैयक्तिक मत, सुरक्षितता म्हणजे हेच.

हिशोबनीस:
आजीबाईंना नमस्कार, पण ती पेन्शन झेपत नाही म्हणूनच २०२५ च्या बजेटमध्ये वय ६० वरून हळूहळू ६५ करायचं ठरलं आणि लोक रस्त्यावर उतरले. वर्ल्ड बँकेने २०२० च्या जुलैत मॉरिशसला हाय-इन्कम देशांत बसवलं, पुढच्या वर्षी कोविडमुळे परत खाली. विमानं बंद म्हणजे टुरिस्ट बंद.

सातासमुद्रा:
मान्य. पण भांडायला पेन्शन आहे तरी, नाउरूवाले कशासाठी भांडणार?

रानजाई:
सगळ्यांचे आभार! भाचीला वाचून दाखवलं, तिने कॉलम वाढवलेत, पैसा किती वाटांनी येतो, पाणी कुठून येतं, म्हाताऱ्यांना काय मिळतं. पाण्यावर अडलीय, आकडा काय टाकायचा. दर्यावर्दी, ती विचारतेय रांगेत किती तास उभे होतात?

दर्यावर्दी:
पहिल्या दिवशी चार तास, दोन बाटल्या. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः गेला.