मार्शमॅलो-सिरियलच्या वड्या दुसऱ्या दिवशी कडक का होतात?

प्रश्न
लोणी आणि मार्शमॅलो वितळवून त्यांत तांदळाचे कुरकुरीत सिरियल मिसळले की ओव्हनशिवाय वड्या होतात. माझ्या वड्या पहिल्या दिवशी मऊ असतात, दुसऱ्या दिवशी मात्र चावणे अवघड जाते. ४५ ग्रॅम लोणी, २८० ग्रॅम मार्शमॅलो आणि ६ कप सिरियल असे प्रमाण मी घेते. आच मध्यम ठेवते आणि थापलेले ताट फ्रिजमध्ये ठेवते. दोष प्रमाणात आहे की कृतीत?

प्रतिसाद १
प्रमाण उत्तम आहे, ते बदलू नका. माझ्या मते मुख्य कारण आच हे आहे. मार्शमॅलो म्हणजे जिलेटिनने धरून ठेवलेला, हवा भरलेला साखरेचा पाक. तो जास्त तापला की त्यातील पाणी उडून जाते, पाक घट्ट होत जातो आणि निवल्यावर वडी टणक होते. म्हणून जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आचेवर सतत ढवळावे, आणि शेवटचे थोडे तुकडे अख्खे दिसत असतानाच पातेले उतरवावे, कारण उरलेले काम आतली उष्णता करते. मार्शमॅलो जुने, सुकलेले असतील तर मात्र कितीही जपले तरी वडी मऊ होणार नाही.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, पण थापण्याकडेही लक्ष द्यावे. वाटीने दाबून थापले की दाण्यांमधली हवा निघून जाते व वडी दाट होते; लोणी लावलेल्या हाताने मिश्रण केवळ समपातळीत पसरावे. फ्रिज टाळाच, कारण थंडीत लोणी आणि जिलेटिन दोन्ही घट्ट होतात. साधारण तासाभरात वड्या बाहेरच सेट होतात, आणि हवाबंद डब्यात दोन दिवस चांगल्या राहतात.

प्रतिसाद ३
एक सूचना करतो. नेहमीच्या मार्शमॅलोमधील जिलेटिन प्राणिजन्य असते, त्यामुळे शाकाहारी व्यक्तींसाठी जिलेटिनविरहित मार्शमॅलो शोधावे लागतात. ते वितळण्याची रीत निराळी असते, म्हणून आधी थोडेच वितळवून पाहावे. तसेच तांदळाच्या अनेक सिरियलमध्ये बार्लीचे माल्ट (मोड आणलेल्या बार्लीपासून केलेला घटक) असते, आणि बार्लीत ग्लूटेन हे प्रथिन असते. ग्लूटेन वर्ज्य असलेल्या कोणाला वडी देण्यापूर्वी पाकिटावरील घटक अवश्य वाचावेत.