क्रोशाचा गोल रुमाल सपाट का होत नाही?

नवशिकी_नाशिक: माठावर टाकायला कडेला मणी लावलेला गोल रुमाल विणायला घेतलाय. पॅटर्न इंग्रजी आहे. सुरुवातीला ६ डबल क्रोशे टाके, मग दर ओळीत ६ वाढवायचे. तसंच करतेय, टाके मोजूनही बरोबर येतात. तरी चौथ्या ओळीपासून कडा वर उचलल्या जातात आणि पार वाटी होते. हात घट्ट असेल म्हणून सुई बदलली, ३ ची ४ मिमी घेतली. काही फरक नाही. कुठे चुकतंय?

दोरा_आणि_मी: तुझा हात चुकत नाहीये. पॅटर्नमध्ये 'सिंगल क्रोशे' हा शब्द कुठे आहे का बघ. नसेल आणि 'ट्रेबल' असेल, तर तो बहुधा ब्रिटिश पॅटर्न. त्यांचा डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, बुटका टाका. आपण बहुतेक जणी अमेरिकन व्हिडिओ बघून शिकतो, तिथे डबल क्रोशे म्हणजे खांब, उंच टाका. तू खांब घालतेयस ना?

आता वाटी का होते ते. ओळीची उंची जितकी वाढते, त्याच्या सव्वासहा पट घेर वाढायला हवा, शाळेतला २ पाय आर. मुका खांब साधारण जितका रुंद तितकाच उंच, म्हणून ६ टाके पुरतात. खांब जवळपास दुप्पट उंच, त्याला १२ लागतात. ६ च वाढवलेस तर घेर अपुरा पडतो आणि कडा वर येणारच. उलट, मुक्या खांबाला १२ वाढवलेस तर झालर पडते. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलाही गोल नुसता बघून कळतं काय कमी पडलंय. मला तर क्रोशातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

नवशिकी_नाशिक: ताई, 'ट्रेबल' आहे! शेवटच्या नक्षीत. आणि हो, मी खांबच घालत होते. म्हणजे सगळं उसवायचं?

मावशी_मिरज: उसव गं, क्रोशात सुईवर एकच फास असतो, ओढलं की सरसर निघतं. मुक्या खांबाने ६, १२, १८, २४ असं जा. दुसऱ्या ओळीत प्रत्येक टाक्यात २. तिसऱ्या ओळीत एक सोडून एक टाक्यात २, चौथीत दर तिसऱ्या टाक्यात २. ओळीच्या पहिल्या टाक्यात छोटी सेफ्टी पिन अडकव, नाहीतर ओळ जोडताना शेवटी एक टाका जास्तीचा घुसतो. रंग कुठला घेतलायस? काळा किंवा गडद निळा असेल तर आत्ताच बदल, नवीन हाताला टाके दिसत नाहीत.

नवशिकी_नाशिक: फिकट पिवळा आहे. पण उसवलेला दोरा कुरळा झालाय, तोच वापरू का?

मावशी_मिरज: सुती असेल तर खुशाल. लडी करून दोन-तीन ठिकाणी सैल बांध, पाण्यात बुडव, न पिळता वाळत घाल. सरळ होतो.