'अल्टिमा' पुन्हा उभी करायची झाल्यास तिच्यातले नेमके काय जपावे?

मेंढपाळ (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या महिन्यात 'अल्टिमा' या संगणकावरच्या भूमिकाप्रधान गेममालिकेचा चौथा भाग, 'अल्टिमा ४', पुन्हा एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून झाला आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे, म्हणून हा धागा काढत आहे. रिचर्ड गॅरियट यांनी १९८१ साली सुरू केलेल्या या मालिकेचा नववा आणि शेवटचा क्रमांकित भाग १९९९ मध्ये आला. १९९७ पासून चालू असलेला, अनेकांनी मिळून खेळायचा 'अल्टिमा ऑनलाइन' बाजूला ठेवला, तर एकट्याने खेळायची मूळ मालिका त्यानंतर थांबली ती थांबलीच. 'बाल्डर्स गेट' या तशाच जुन्या गेममालिकेचा दुसरा भाग २००० सालचा आणि तिसरा थेट २०२३ चा. तरीही त्याचे जे स्वागत झाले ते पाहता, इतक्या जुन्या नावाला आता कोण विचारतो, ही सबब पुढे करण्याची सोय उरलेली नाही. तेव्हा उद्या कोणी ही मालिका खरोखरच हाती घेतली, तर त्याने कशाला हात लावू नये आणि काय खुशाल टाकून द्यावे?

माझ्यापुरते उत्तर चौथ्या भागातल्या जडीबुटीच्या दुकानात आहे. या भागात प्रामाणिकपणा, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचे असते. मंत्रप्रयोगासाठी लसूण, जिनसेंग, कोळ्याचे जाळे असे जिन्नस विकत घ्यावे लागतात. विक्रेती अंध आहे. ती रक्कम सांगते आणि आपण किती नाणी देतो, तो आकडा आपणच टाइप करायचा असतो. कमी टाकला तरी ती माल देते, काही बोलत नाही. आंधळी दळते आणि कुत्रे पीठ खाते, तसे बराच वेळ चालू राहते. आपल्या प्रामाणिकपणाच्या खात्यातून मात्र त्याच क्षणी वजावट झालेली असते, आणि ती कळते ती पुष्कळ पुढे, किल्ल्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याकडे आपण आपली प्रगती विचारायला जातो तेव्हा. १९८५ साली हे कोणाला सुचले, याचेच मला अजून नवल वाटते. आजच्या खेळाडूला मात्र प्रत्येक कृतीचे गुण पडद्याच्या कोपऱ्यात उमटलेले पाहण्याची सवय झाली आहे. त्याच्यासमोर हे टिकेल का?

जुनी फ्लॉपी

धागाकर्ते, आपला प्रश्न आवडला. पण काय जपावे याच्या आधी कोणी जपावे हे ठरायला हवे, आणि घोडे तिथेच पेंड खाते आहे. गॅरियट यांची ओरिजिन ही कंपनी १९९२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली आणि २००४ मध्ये बंद केली, त्यामुळे 'अल्टिमा' हे नाव इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे आहे. मात्र मालिका जिथे घडते त्या ब्रिटानियाचा राजा 'लॉर्ड ब्रिटिश' हे नाव गॅरियट यांच्याकडे राहिले. म्हणजे सिंहासन एकाच्या घरात आणि राजा दुसऱ्याच्या.

दोघांनीही आपापल्या परीने प्रयत्न करून पाहिले आहेत. गॅरियट यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर सुमारे १९ लाख डॉलर उभे केले आणि 'श्राउड ऑफ द अवतार' २०१८ मध्ये आणला, पण एकट्याची कथा आणि सर्वांचा ऑनलाइन बाजार या दोन डगरींवर पाय ठेवल्याने त्याचे धड काहीच झाले नाही, असे माझे मत आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१३ मध्येच 'अल्टिमा फॉरएव्हर' हा मोबाइल गेम आणला. तो चक्क आपल्या लाडक्या चौथ्या भागावर बेतलेला होता, फुकट होता, आणि त्यात पेट्या उघडायला लागणाऱ्या किल्ल्या खऱ्या पैशांनी विकत घेता येत. ज्या कथेत दुसऱ्याच्या पेटीला हात लावला की सद्गुण घटतात, त्या कथेवर किल्ल्यांचे दुकान मांडण्याची कल्पना ज्या बैठकीत मंजूर झाली, त्या बैठकीत चौथा भाग खेळलेला एकही माणूस नसावा. ऑगस्ट २०१४ मध्ये तो बंद पडला. तेव्हा टाकून देण्याच्या यादीत पहिले नाव या किल्ल्यांचे घाला.

तळघर

मी थोडा विरोधी सूर लावतो. चौथ्या भागाविषयी आदर आहेच. परंतु मालिका पुन्हा उभी करायची तर आधार सातव्या भागाचा, म्हणजे १९९२ च्या 'द ब्लॅक गेट'चा घ्यावा लागेल. त्यात पिठाच्या पोत्यातून पीठ काढून टेबलावर घ्यायचे, त्यावर बादलीतले पाणी घालायचे, तयार झालेला गोळा भट्टीत ठेवायचा आणि पाव भाजून काढायचा, एवढी व्यवस्था होती. कथेला त्याची काडीचीही गरज नव्हती. गावकरी सकाळी उठून कामाला जात, संध्याकाळी खाणावळीत बसत आणि रात्री आपापल्या घरी झोपत. आपण असलो काय आणि नसलो काय, त्या जगाचे दळण चालूच राहत असे. 'बाल्डर्स गेट ३' करणाऱ्या लॅरियन या कंपनीचे प्रमुख स्वेन विन्के यांनी सातव्या भागाचे ऋण अनेकदा मान्य केले आहे, त्यामुळे एका अर्थाने पुनरुज्जीवन झालेच आहे, फक्त पाटी दुसरी आहे.

सद्गुणांविषयीही एक गोष्ट आपल्या मांडणीतून निसटते आहे. ही मालिका स्वतःच्याच शिकवणीची उलटतपासणी करत पुढे गेली. १९८८ च्या पाचव्या भागात लॉर्ड ब्रिटिश बेपत्ता असताना त्याच्या जागी राज्य करणारा ब्लॅकथॉर्न तेच आठ सद्गुण कायदा म्हणून लादतो, आणि खोटे बोलणाऱ्याची जीभ छाटण्याची शिक्षा ठरवतो. १९९० च्या सहाव्या भागात ज्यांना आपण राक्षस समजून मारत आलो, ते गार्गॉइल म्हणजे आपल्याच पराक्रमाने उद्ध्वस्त झालेली एक संस्कृती असल्याचे उघड होते; चौथ्या भागाच्या शेवटी आपण जो पवित्र ग्रंथ मिळवला, तो त्यांचाही होता. नव्या मालिकेने जपायचे असेल तर हे जपावे. चौथ्याचीच चकचकीत चित्रांची आवृत्ती काढून काय साधणार? उलट विसराळूपणा काय करतो हे नवव्या भागाने दाखवले आहे. इतके भाग ब्रिटानियात काढलेला नायक त्यात 'पॅलाडिन (धर्मयोद्धा) म्हणजे काय?' असे विचारतो, आणि जुन्या खेळाडूंचे तिथेच मन उडाले.

एक्झल्टवाला

लहानशी भर. मालिका निद्रिस्त आहे, हे कंपनीच्या दफ्तरी खरे असेल. चाहत्यांनी तिला झोपू दिलेले नाही. 'एक्झल्ट' या ओपन सोर्स इंजिनामुळे, म्हणजे गेम चालवणाऱ्या, सर्वांना खुल्या प्रोग्रॅममुळे, सातवा भाग आजच्या संगणकांवर विनासायास चालतो. 'डंजन सीज' या दुसऱ्याच गेमचे इंजिन वापरून स्वयंसेवकांनी २००५ मध्ये पाचवा भाग 'लॅझरस' या नावाने आणि २०१० मध्ये सहावा भाग नव्याने बांधला, तोही फुकट. मी स्वतः अजून कधी चौथा खेळलेलो नाही, हे मात्र शरमेने कबूल करतो. सुरुवात कुठून करावी?

मेंढपाळ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. तळघर, आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि माझ्याच प्रश्नाचे उत्तर त्यातून थोडे सापडले. अंध विक्रेती जपायची म्हणजे तेच दुकान पुन्हा थाटायचे असे नव्हे. खेळाडू काय करतो आहे हे जगाने गुपचूप लक्षात ठेवायचे आणि लगेच गुणपत्रिका हातात द्यायची नाही, एवढे पाळले तरी पुरे. सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन तत्त्वे घेऊन त्यांच्या मिश्रणांतून आठ सद्गुण काढण्याची मांडणी मात्र मी तशीच ठेवीन. तिन्ही एकत्र आली की अध्यात्म आणि तिन्हींपैकी एकही नसले की नम्रता, हा हिशेब इतका सुबक आहे की त्यात घासूनपुसून सुधारण्यासारखे काही नाही.

'अवतार' या शब्दाबद्दलही लिहायचे राहिले होते. गॅरियट यांनी तो आपल्याकडून उचलला खरा, पण अर्थ उलटा करून: आपल्याकडे देव खाली उतरतो, आणि ब्रिटानियात माणसाने आठ पायऱ्या वर चढून अवतार व्हायचे असते. शाळेत असताना मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले होते की मी अवतार होणार आहे. तिने माझ्या केसांकडे पाहून, आणखी किती होणार, असे विचारले होते.

एक्झल्टवाला, चौथा भाग गॉग या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर मोफत मिळतो, तिथूनच सुरुवात करा. सुरुवातीच्या सात प्रश्नांना मनापासून उत्तरे द्या. माझ्या उत्तरांतून नम्रता वर आली आणि गेमने मला मेंढपाळ केले, म्हणजे सर्वांत दुबळे पात्र, पण त्यातही मजा आहे. शेजारी एक वही ठेवा, कारण नोंदी ठेवण्याची सोय गेममध्ये नाही आणि आठ देवस्थानांचे आठ मंत्र गावोगावच्या लोकांना विचारूनच मिळवावे लागतात. अध्यात्माचा मंत्र तुम्ही न विचारताही ओळखाल. बाकीचे मिळतील तसे लगेच उतरवून घ्या, कारण या खेपेस मी नम्रतेचा मंत्र लिहून ठेवला नाही आणि तो पुन्हा शोधण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.