वेल्समधला १ मार्च, आणि ते घोड्याच्या कवटीचं काय प्रकरण आहे?

आंबटगोड:
नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच कार्डिफला राहायला आलोय. लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आलीय की १ मार्चला, सेंट डेव्हिड्स डेला (वेल्सच्या संरक्षक संताच्या दिवशी), मुलांनी वेल्श पोशाखात यावं. म्हणजे नेमकं काय घालायचं? एवढा मोठा दिवस, तर सुट्टी का नाही? आणि शेजारच्या आजोबांनी जानेवारीतला एक व्हिडिओ दाखवला. पांढरी चादर पांघरलेली घोड्याची कवटी पबच्या दारात जबडा वाजवतेय आणि लोक खो खो हसतायत. लेक त्या रात्री मला चिकटूनच झोपली. हे काय असतं?

रात्रपाळी:
मुलींना उंच काळी टोपी, लाल शाल, चौकड्यांचा स्कर्ट, वर एप्रन. सुपरमार्केटात तयार मिळतो. मुलगे लाल रग्बी जर्सीवर भागवतात. तेही नको असेल तर छातीवर डॅफोडिलचं फूल किंवा लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) लावा. सुट्टीचं म्हणाल तर २००० साली वेल्सच्या असेंब्लीने, म्हणजे इथल्या विधानसभेने, एकमताने मागितली होती. पण असल्या सुट्ट्या ठरवणं लंडनच्या हातात, त्यामुळे घोडं तिथेच अडलंय.

खोऱ्यातला:
घोड्यावरून आठवलं, कवटीबद्दल मी सांगतो. मी मायस्टेगजवळ राहतो, आणि शेजारच्या लँगिनविड गावाने ही प्रथा आजवर टिकवून ठेवलीय. तिचं नाव मारी लुइड. काठीवर खरी कवटी बसवतात, डोळ्यांच्या जागी बाटलीच्या काचा, मानेला रंगीत फिती आणि घुंगरं. चादरीखाली एक माणूस वाकून उभा असतो. तो दोरी ओढतो आणि जबडा खट्‌कन मिटतो. हा आवाज व्हिडिओत नीट कळत नाही, जवळून ऐकला की मोठी माणसंही मागे सरकतात.

पण खरी मजा दाराशी. बाहेरची टोळी गाण्यात आत येऊ देण्याची मागणी करते, आतले गाण्यातच नकार देतात. मग सवाल-जवाब रंगतात: तुमचा आवाज फाटका, तुम्ही आधीच झिंगलात, तुम्ही चिक्कू. याला पुंको म्हणतात. ज्यांच्या ओळी आटल्या ते हरले. आतले हरले की दार उघडायचं आणि मारीच्या टोळीला बिअर नि केक द्यायचा. (आतले बहुतेक वेळा हरतातच. दार बंद ठेवून कुणाची करमणूक होणार?)

माझं मत विचाराल तर वेल्स बघायचं ते १ मार्चच्या टोपीत नाही, इथे. त्या टोपीला राष्ट्रीय पोशाख म्हणून मिरवलं ते एकोणिसाव्या शतकात, लेडी लॅनोव्हरसारख्या हौशी मंडळींनी. आणि बेडगेलर्ट गावाला गेलात तर गेलर्टच्या, म्हणजे दंतकथेत मालकाने गैरसमजातून मारलेल्या इमानी कुत्र्याच्या, समाधीपाशी फार रडू नका. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकं यावीत म्हणून ती उभी केली, असं सांगतात.

जुनं_कॅलेंडर:
खोऱ्यातला, एक गंमत राहिली. ब्लेनाय ग्वेंटचे बॅप्टिस्ट पाद्री विल्यम रॉबर्ट्स यांनी १८५२ साली मारी लुइडवर सडकून टीका केली. हे पाप आहे, बंद करा. पण लोकांना पाप कसलं ते कळावं म्हणून त्यांनी तिची वीस कडवी छापून टाकली! पुढे लोक तीच पाठ करून गाऊ लागले.

आणि व्हिडिओ जानेवारीच्या मध्यावरचा असेल तर तो ‘हेन गालान’चा, म्हणजे जुन्या नववर्षाचा. १७५२ साली ब्रिटनने कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ उजाडला. पेम्ब्रोकशरमधल्या ग्वाउन खोऱ्याला ते काही पटलं नाही. तिथे अजून १३ जानेवारीला नवं वर्ष. मुलं घरोघर गाणी म्हणत फिरतात, खाऊ आणि चिल्लर घेऊन येतात.

रात्रपाळी:
@आंबटगोड, लेकीला सेंट फेगन्सच्या संग्रहालयात न्या, तुमच्या घरापासून लांब नाही. तिथल्या लाकडी प्रेमचमच्यांपैकी एकावर १६६७ साल कोरलंय. पोरं आपल्या आवडत्या मुलीला स्वतः कोरून द्यायची. कवटीपेक्षा ते बघून पोरीला शांत झोप लागेल.

आंबटगोड:
सगळ्यांचे आभार! टोपी आणलीय. आता पोरीचा प्रश्न: कच्चा लीक खावा लागतो का?

खोऱ्यातला:
नाही हो. ती सक्ती वेल्श रेजिमेंटमधल्या नव्या शिपायांवर. तिला म्हणावं, तुझ्या वाट्याला लीक आला तर तो कौलमध्ये, म्हणजे मटण-बटाट्याच्या गरम रश्श्यात.